तेल पाजलेलं चामडं : ऑइल सीलच्या इतिहासातलं एक स्थानिक पान

पुणे-नगर रस्त्यावर, शिरूर लागण्याच्या थोडं आधी एक जुनं गॅरेज आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मोटेच्या विहिरींच्या नोंदी घेत मी गेली काही वर्षं फिरतो आहे. त्या फिरण्यात मोटारसायकल कुरकुरली की इथे थांबायचं, हे ठरूनच गेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात थांबलो तेव्हा शेडमध्ये एक बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची लाल मोटार उभी होती. तिच्या पोटातला गिअरबॉक्स बाकावर काढून ठेवला होता. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, १९६०च्या दशकातली. पुण्याच्या कुणा हौशी मालकानं इथवर पाठवली होती, कारण असल्या गिअरबॉक्सला न घाबरणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत. तक्रार एकच होती. गाडी रात्री जिथे उभी करावी तिथे सकाळी तेलाचं थारोळं.

मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या शेपटाकडून एक कडं उचकटून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून लोखंडी वाटी, आतून काळ्या रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीमागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. रबर कडक होऊन त्याला चिरा गेल्या होत्या. "हे आता रबराचं झालं," मिस्त्री म्हणाले. "आम्ही शिकत होतो तेव्हा मिलिटरीच्या जुन्या जीप यायच्या. त्यातली सीलं चामड्याची. उस्ताद त्यांना रात्रभर तेल पाजायचे आणि सकाळी बसवायचे."

'तेल पाजणं' हा शब्दप्रयोग मी आठवड्यापूर्वीच ऐकला होता, तोही मोटारीशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी. न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर एक वृद्ध बाई मला मोटेबद्दल सांगत होत्या. पावसाळा संपून मोट पुन्हा धरायच्या आधी तिला तेल पाजावं लागे, नाहीतर सोंड तडके. जीपचं सील आणि विहिरीची मोट यांना एकच क्रियापद का लागतं, या प्रश्नापासून हा लेख सुरू झाला.

दोन टोकं, दोन युक्त्या

आधी बाकावरचा गिअरबॉक्स पाहू. स्पिटफायर १९६२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आली. ती ट्रायम्फ हेराल्ड या घरगुती मोटारीच्या आखूड केलेल्या सांगाड्यावर बेतलेली होती, आणि दोन्ही गाड्यांचं रूप जोव्हानी मिकेलॉत्ती या इटालियन रेखाकारानं रेखाटलेलं होतं. हेराल्ड मात्र आपल्याला परकी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१पासून ती 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून इथे बनवली. स्पिटफायरचा गिअरबॉक्स त्याच घराण्यातला. शिरूरच्या मिस्त्रींना तो ओळखीचा वाटला, त्याचं कारण हे.

गिअरबॉक्समध्ये तेल भरलेलं असतं, आणि त्याच्या पेटीला दोन ठिकाणी भोक ठेवावंच लागतं. पुढून इंजिनाची फिरकी आत येते, मागून ती चाकांकडे बाहेर जाते. शाफ्ट फिरला पाहिजे आणि तेल मात्र बाहेर येता कामा नये, असा हा पेच आहे. या गिअरबॉक्सच्या दोन टोकांना त्याची दोन वेगवेगळी उत्तरं सापडतात. पुढच्या टोकाला सीलच नाही. तिथे स्क्रूच्या आट्यांसारखी चर आहे. शाफ्ट फिरू लागला की ती चर बाहेर निघालेलं तेल पुन्हा आत ढकलते. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांनी इंजिनाच्या मागच्या टोकालाही हीच युक्ती वापरली होती. अशा गाड्या थोडंफार तेल गाळणारच, हे त्यांचे मालक गृहीत धरून चालत. शाफ्ट थांबला की चरीचं कामही थांबतं. मागच्या टोकाला मात्र खरं सील असतं. त्याचा ओठ शाफ्टला सतत चिकटून राहतो, गाडी चालू असो की उभी.

मिस्त्रींचं काम मी दोन तास पाहत बसलो. तेल आधीच काढून ठेवलं होतं. मागच्या फ्लँजचा नट सोडवून फ्लँज पुलरनं ओढून काढली. सील उचकटताना हत्याराची धार वाटीच्या बैठकीला लागू दिली नाही. तिथे एक ओरखडा राहिला तरी नव्या सीलच्या बाहेरून तेल वाट काढतं. मग त्यांनी फ्लँजचा गुळगुळीत गळा उजेडात धरला आणि त्यावरून नख फिरवलं. जुन्या सीलच्या ओठानं वर्षानुवर्षं घासून तिथे बारीक खाच पाडली होती. रबरासारख्या मऊ वस्तूनं पोलाद कसं झिजावं, असं मी विचारलं. ते म्हणाले, रबर झिजवत नाही, रबरात रुतून बसलेली धूळ झिजवते. अशी खाच खोल असेल तर त्या जागी पोलादाची कागदासारखी पातळ बाही चढवतात, किंवा नवं सील किंचित मागेपुढे बसवून ओठाला कोरी जागा देतात. त्यांनी दुसरा मार्ग घेतला.

नव्या सीलवर तीन आकडे होते: शाफ्टचा व्यास, बैठकीचा व्यास आणि जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. सील बसवण्याआधी त्यांनी ओठाला बोटानं तेल चोळलं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. मग सपाट चकती ठेवून चारी बाजूंनी हलक्या हातानं ठोकत, तिरकं होऊ न देता, त्यांनी ते बैठकीत उतरवलं. शेवटी गिअरबॉक्सच्या माथ्यावरचं श्वासाचं बारीक भोक तारेनं मोकळं केलं. ते भोक मातीनं बुजलं की गरम हवेचा दाब आत साठतो, आणि उत्तम सीलही तेल बाहेर सोडू लागतं. दोष मग विनाकारण सीलच्या माथी येतो.

एक गोष्ट मात्र मला त्या दुपारी कळली नव्हती. ती नंतर वाचनात आली. चांगलं सील पूर्ण कोरडं नसतं. १९५७ साली ई. टी. जॅगर या ब्रिटिश संशोधकानं दाखवून दिलं की फिरता शाफ्ट आणि रबराचा ओठ यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, आणि ओठ त्या पापुद्र्यावर तरंगतो. तो पापुद्रा गेला तर ओठ जळतो. ओठाच्या दोन उतारांचे कोन वेगवेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे पापुद्र्यातलं तेल बाहेर न पडता आतच परतत राहतं. सीलला स्वतःला ओलावा मिळाला तरच ते ओलावा अडवू शकतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या मोटारी चालू केल्यावर लगेच गळू लागतात, त्यातही बरंचसं हेच कारण असतं. ओठ सुकलेला असतो.

चामडं कमावणाऱ्यांचे कारखाने

या कड्याचा इतिहास शोधताना मला वाटलं होतं की तो रबराच्या किंवा मोटारीच्या कारखान्यात सापडेल. सापडला तो चामड्याच्या कारखान्यात.

जर्मनीतल्या वाइनहाइम या गावी कार्ल फ्रॉयडेनबर्ग यांनी १८४९ साली भागीदारीत चामडं कमावण्याचा धंदा सुरू केला. पुढच्या ऐंशी वर्षांत तो युरोपातल्या मोठ्या चर्मोद्योगांपैकी एक झाला. १९२९च्या मंदीनं चामड्याची मागणी कोसळली, तेव्हा कमावलेल्या चामड्याचं आणखी काय करता येईल याचा शोध सुरू झाला आणि यंत्रांसाठी चामड्याची सीलं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. १९३०च्या दशकाच्या आरंभी वाल्टर सिमर या अभियंत्याच्या कल्पनेतून एक वस्तू घडली: लोखंडी वाटीत बसवलेला चामड्याचा ओठ. तिला त्याच्याच नावावरून 'सिमरिंग' म्हणू लागले. आज जर्मनीत कुठल्याही कंपनीच्या ऑइल सीलला लोक सहज 'सिमरिंग' म्हणतात. आपल्याकडे वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणण्याची सवय होती, तसंच.

अमेरिकेतली कहाणी याहून फार वेगळी नाही. शिकागो रॉहाइड ही कंपनी १८७८ साली सुरू झाली, आणि तिच्या नावातच कच्चं कातडं आहे. गिरण्यांसाठी चामड्याचे पट्टे बनवणाऱ्या या कंपनीनं १९२०च्या दशकात मोटारींसाठी चामड्याची सीलं बनवायला घेतली. पुढे जगभर ती सीलांसाठीच ओळखली गेली, आणि १९९० साली बेअरिंगवाल्या एसकेएफनं तिला विकत घेतलं.

या दोन्ही घराण्यांचं भांडवल एकच होतं, चामड्याची जाण. कातड्याचा कुठला भाग घट्ट विणीचा आणि कुठला सैल, कुठली बाजू आत ठेवायची, किती कमवायचं, आणि तेल किंवा मेण किती पाजलं म्हणजे ते मऊ राहूनही पाणी सोडणार नाही. हे ज्याला कळतं तोच ओठ घडवू शकतो. रबर नंतर आलं. १९३०च्या दशकात जर्मन रसायनतज्ज्ञांनी तेलात न फुगणारं नायट्राइल रबर तयार केलं, आणि फ्रॉयडेनबर्गनं १९३६पासून कृत्रिम रबराची सीलं काढली. ओठाचा पदार्थ बदलला, पण वाटी, ओठ आणि ओठाला शाफ्टवर दाबून धरण्याची युक्ती चामड्याच्या काळातलीच राहिली.

तो इतिहास स्वच्छ होता असं मात्र समजू नये. परदेशी कच्च्या मालावाचून जगण्याच्या नाझी धोरणात चामड्याला पर्याय शोधणं हे सरकारी काम बनलं होतं. नव्या पर्यायी पदार्थांचे तळवे तपासण्यासाठी साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत कैद्यांना एका खास मार्गावर दिवसचे दिवस चालवलं जाई. या चाचण्यांत फ्रॉयडेनबर्गचाही सहभाग होता. कंपनीनं स्वतःच इतिहासकाराकडून लिहवून घेतलेल्या ग्रंथातून तो पुढे आला. चामड्याच्या आणि त्याच्या पर्यायाच्या इतिहासात कुणाचं अंग राबलं, हा प्रश्न त्यामुळे तिकडेही सुटत नाही. आपल्याकडे तो निराळ्या रूपात भेटतो.

मोटेचा ओठ

शिरूर आणि दौंड हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग. सह्याद्रीवरचा पाऊस इथे पोहोचेपर्यंत संपलेला असतो. घोड नदी शिरूरवरून वाहत पुढे भीमेत जाते, दौंड भीमेच्या काठी आहे. पण नदी खाली आणि शेत वर. खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचं पाणी दौंड तालुक्याच्या काही भागाला मिळालं. बाकी शेतीला विहीर, आणि विहिरीला मोट.

ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना सांगतो. मोट ही चामड्याची मोठी पिशवी. तिला वर रुंद तोंड आणि खाली निमुळती नळी, म्हणजे सोंड. जाड दोराला नाडा म्हणतात, तो वरच्या तोंडाला बांधलेला. बारीक दोर म्हणजे सोल, तो सोंडेच्या टोकाला. बैल धावेवरून उतारानं खाली जाऊ लागले की मोट वर येते. येताना सोल सोंडेला दुमडून तिचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर धरते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात उलगडते आणि पाणी धो-धो पाटाकडे जातं. माणसाला मोटेला हात लावावा लागत नाही. दिवसातून शेकडो वेळा दुमडायचं, उलगडायचं, दगडावर घासायचं, पाण्यात बुडायचं आणि उन्हात यायचं, हे सगळं सोंडेच्या वाट्याला येई.

पुढे लोखंडी पत्र्याच्या मोटा आल्या, तेव्हा पिशवीची जागा पत्र्यानं घेतली. सोंड मात्र चामड्याचीच राहिली, कारण पत्रा दुमडत नाही. बाहेर लोखंडी वाटी आणि हलणाऱ्या जागी चामड्याचा ओठ! सिमरिंगची रचना जिथे घडली त्या वाइनहाइमपासून हजारो मैलांवर, आमच्या विहिरींवर तीच विभागणी गरजेतून आपोआप झालेली होती. मोट हे सिमरिंगचं मूळ आहे असा माझा दावा नाही. चामड्याची जाण असलेली माणसं एकाच प्रकारच्या पेचाला सारखं उत्तर देतात, एवढंच मी म्हणतो.

ही जाण काय प्रतीची होती, तेही पाहण्यासारखं आहे. चुन्याच्या कुंडीतून काढलेलं कातडं तरवडाच्या किंवा बाभळीच्या सालीत कमावलं जाई. तरवड या माळांवर उदंड. हिरडा याच जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतून, जुन्नर-आंबेगावकडून येई. तोच हिरडा आपल्या बंदरांतून परदेशी चर्मोद्योगांकडेही जात असे. गावठी पद्धतीत पुष्कळदा कातडंच पिशवीसारखं शिवत, तिच्यात सालीचं पाणी भरत आणि ती टांगून ठेवत. कमावण्याचं पाणी आतून हळूहळू झिरपत बाहेर येई. म्हणजे कातडं कमावलं जात असतानाच त्याच्या गळण्याची परीक्षा होई. तयार मोटेला आणि दोरांना करडईच्या तेलाचं रोगण लावत. करडईचं तेल हवेत घट्ट होऊन पापुद्रा धरतं. हे रसायन कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण ज्याच्या हाताला ते ठाऊक होतं त्याची मोट जास्त हंगाम टिके.

हे हात कुणाचे? १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनं जातवार माहिती देताना कातडी कमावणारे ढोर आणि चामड्याच्या वस्तू करणारे चांभार अशी वेगळी नोंद केली आहे. नाडा आणि सोल वळणारे मांग. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांच्या माथी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुत्याची सगळी व्यवस्था तपशिलानं आली आहे. सुगीला धान्याचा वाटा आणि वर्षभर काम. मोट फाटली की हाक जाई आणि त्यानं यायचं. पाणी पाटानं शेताला मिळे. ज्यानं मोट शिवली त्याला मात्र पुष्कळ गावांत त्याच विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती.

दौंडच्या रुळांवर

इथे कुणी विचारील की यंत्र या भागात आलंच उशिरा, त्यामुळे या कारागिरांच्या जाणेला यंत्राकडे जायची वाट तरी कुठे होती? ती वाट बरीच आधी उघडली होती. पुण्याहून दौंडवरून दिक्सळपर्यंतची रेल्वे १८५८च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर दौंड मोठं जंक्शन बनलं. म्हणजे सिमरिंगच्या सत्तर वर्षं आधी तेल अडवण्याचा प्रश्न दौंडच्या फलाटावर रोज येऊन उभा राहत होता.

जुन्या डब्यांच्या चाकांच्या आखावर लोखंडी पेटी असे. तिच्यात तेलात भिजवलेल्या लोकरीचे किंवा सुताचे पुंजके आखाखाली कोंबलेले असत, ते आखाला तेल पुरवत. पेटीच्या मागच्या बाजूनं धूळ आत जाऊ नये आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून लाकडाची, नमद्याची किंवा चामड्याची पट्टी असे. गाडी आली की पेट्यांवर हात ठेवत तपासणारा माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई. एखादी पेटी चटका देऊ लागली की डबा कापून बाजूला काढत. वाफेच्या इंजिनात दांडा जिथून आत-बाहेर होई तिथे चरबीत भिजवलेला तागाचा पीळ कोंबून वरून नट आवळत. मोटेचं चामडं करणाऱ्या वस्त्या आणि हे सगळं काम यांच्यात अंतर होतं थोड्या कोसांचं. पण कमावलेल्या कातड्याची जाण असलेला माणूस म्हणून कुणाला तिथे बोलावलं गेलं, अशी खूण मला कुठे मिळालेली नाही.

तुटलेली साखळी

देशात असा पूल बांधण्याचे प्रयत्न अजिबात झाले नाहीत असंही नाही. मद्रास सरकारातले अल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३च्या सुमारास क्रोम पद्धतीनं चामडं कमावण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक शेतकरी होता, कारण क्रोमचं चामडं पाण्यात जास्त टिकतं. तमिळ मुलखातल्या मोटेला, म्हणजे कवलैला, त्यांनी ते वापरलं. सरकारी औद्योगिक प्रयोगाचा आरंभ विहिरीच्या मोटेपासून व्हावा, ही मला या शोधात सापडलेली सर्वांत आनंदाची गोष्ट. आपल्याकडे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी १९३०च्या दशकात चर्मालय उभं केलं आणि ब्राह्मण असून स्वतः कातडी कमावली. त्या प्रयोगाचा रोख शिवाशीव मोडण्यावर आणि ग्रामोद्योगावर होता, यंत्रांच्या सुट्या भागांकडे नव्हता.

मुख्य अडसर दुसराच होता. वाइनहाइमचा चामडेवाला मंदीत नवा माल शोधू शकला, कारण कातडं त्याचं स्वतःचं होतं, भांडवल त्याचं होतं आणि चामड्यात हात घातल्यानं समाजात त्याचा पाय घसरत नव्हता. इकडच्या कारागिराकडे यांतलं एकही नव्हतं. कातड्यावरचा हक्क वतनांच्या वादात अडकलेला, चांगलं कातडं व्यापाऱ्यामार्फत शहराकडे आणि परदेशी जाणारं, आणि कामाची किंमत पसाभर धान्य. शाळेत शिरला तर बाहेर बसायचं. अशा माणसाच्या हातातल्या जाणेला कुणी ज्ञान म्हणत नाही. ती त्याची जात समजली जाते.

म्हणून त्या धंद्याबद्दल हळहळ करणं मला प्रामाणिक वाटत नाही. १९२७च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढे गावोगाव लोकांनी जनावरं ओढणंही सोडलं. कातड्याची साखळी तिथे पहिल्याच कडीला तुटली, आणि ती तुटणं योग्यच होतं. १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली. माणसं मोकळी झाली. पण त्यांच्याबरोबर जी जाण होती तिची कुठेच नोंद न होता ती संपली. एकाच घटनेत सुटका आणि नुकसान दोन्ही होतं, आणि इतिहास लिहिताना दोन्ही लिहायला हवं.

नायट्राइलचं आगमन

मोट गेली ती १९५० ते १९७०च्या दशकांत. आधी डिझेलची इंजिनं आली, मग वीज. किर्लोस्करांचे पंप विहिरी-विहिरींवर बसले. पंपाच्या शाफ्टभोवती ग्लँडची दोरी कोंबलेली असते. ती आवळावी किती, हा कित्येक शेतकऱ्यांनी नुकसान सोसून शिकलेला धडा आहे. नीट बसवलेल्या ग्लँडमधून पाण्याचा थेंब-थेंब पडत राहिला पाहिजे. तेच तिला थंड ठेवतं. एकही थेंब पडू नये म्हणून ज्यानं नट करकचून आवळला, त्याचा शाफ्ट खरवडला गेला. जॅगरच्या पापुद्र्याचं हेच तत्त्व विहिरीच्या काठावर उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

मग १९७२चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, पंप कोरडे पडले आणि खडकात खोल बोअर घेणारी यंत्रं महाराष्ट्रात गावोगाव फिरली. बोअरवर बसवायला हातपंप हवा होता, आणि जुने ओतीव लोखंडी पंप गावाच्या वापरापुढे महिनाभरही टिकत नव्हते. टिकाऊ पंपाचं उत्तर मराठी मुलखातच आकाराला येत गेलं. आधी जालन्याच्या मिशनच्या जलप्रकल्पात जालना पंप, मग सोलापूर पंप. त्याच घडणीवरून युनिसेफच्या साहाय्यानं इंडिया मार्क टू तयार झाला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या, आणि पुढे तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा हातपंप ठरला.

त्या पंपाच्या पोटात, जमिनीखाली शंभर-दीडशे फुटांवर, पाणी उचलणारा भाग होता चामड्याचा. वाटीच्या आकाराचं चामड्याचं वायसर, पाण्यानं फुगून नळीला घट्ट बसणारं. पंप काही दिवस बंद राहिला की ते सुके, आणि पंप नुसता हवा खाई. मोट गेल्यावर दहा-वीस वर्षांनी चामडं पुन्हा आमच्या पाण्यात उतरलं होतं. चामड्याचा दर्जा मात्र एकसारखा मिळेना. ज्यांना तो राखता आला असता त्यांची साखळी तुटलेली होती. वायसर लवकर झिजे, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खी नळी वर ओढावी लागे. १९८०च्या दशकात कोइमतूरच्या दुसऱ्या फेरीतल्या चाचण्यांनंतर चामड्याची वायसरं जाऊन नायट्राइल रबराची आली. वाइनहाइमला १९३६ साली झालेला बदल आमच्या हातपंपात पन्नास वर्षांनी झाला, त्याच पदार्थानं आणि त्याच कारणानं.

आज शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. तिथे मोटारींबरोबर इंजिनं आणि गिअरबॉक्सही तयार होतात. त्या प्रत्येक गिअरबॉक्समध्ये लोखंडी वाटीतला रबरी ओठ यंत्राच्या हातानं, ठरलेल्या दाबानं बसवला जातो. आसपासच्या गावांतली मुलं आयटीआय करून तिथे पाळीवर जातात. त्यांतल्या कुणाच्या पणजोबानं तीन-चार मैलांवरच्या विहिरीची सोंड शिवलेली असेल, तर ते त्या मुलाला ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे. आणि ठाऊक असलं तरी ते सांगावंसं वाटेल अशी जागा आपण ठेवलेली नाही.

स्पिटफायर तिसऱ्या दिवशी पुण्याला गेली. जाण्याआधी मिस्त्रींनी गिअरबॉक्सखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवला होता. सकाळी पुढच्या टोकाखाली, चरीच्या बाजूला, एक थेंब होता. मागच्या बाजूचा पुठ्ठा कोरा. पुढचा थेंब या गाडीचा स्वभावच आहे, असं त्यांनी मालकाला फोनवर सांगितलं.

मी माझ्या विहिरींच्या वहीकडे परतलो. त्या वहीत प्रत्येक विहिरीसाठी रकाने होते: बांधणी, खोली, किती मोटांची, कुणी बांधली, शिलालेख असल्यास वाचन. मोट कुणी शिवली, हा रकाना नव्हता. इतकी वर्षं तो नव्हता, हेही मला एका रबरी कड्यामुळे कळलं. आता तो घातला आहे, आणि जुन्या गावांना पुन्हा जातो आहे. पाटलाच्या वाड्यावर विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "असेल इथलाच कुणीतरी." मग मी गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो. तिथे कधी कधी नाव मिळतं. बापाचं नाव, आजाचं नाव, आणि कुठल्या विहिरीची मोट त्याच्या हातची होती तेही. ते सगळं मी लिहून घेतो.